वहिनींचा उडालेला नंबर

आत्या पगार न घेता रविवारभर कसलं काम करते, असं तुम्ही नातवंडांनी परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंत. म्हणून ही हकिगत.

वाचनालयं चालवण्यासाठी एक मोफत प्रोग्राम आहे. त्याचा कोड सर्वांना खुला असल्यामुळे कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. त्याच्या दोन आवृत्त्या असतात. एक नवी, सतत बदलत असणारी. दुसरी स्थिर, जिच्यावर वाचनालयांचं रोजचं काम चालतं. त्या स्थिर आवृत्तीत कोणती दुरुस्ती घ्यायची, हे तुमची आत्या, म्हणजे माझी लेक, ठरवते. मुलुंडला आमच्या सोसायटीचं वाचनालयही तीच वापरतं आणि मी त्याची सेक्रेटरी आहे.

मध्यंतरी असं होऊ लागलं, की कुणी पुस्तकाची मुदत वाढवून घेतली, की पुढे नंबर लावून बसलेल्याचं नाव उडायचं. तळमजल्यावरच्या वहिनींचं दोनदा उडालं. पक्ष्यांवरचं पुस्तक दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलं. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"तुमच्या कॉम्प्युटरला माझंच वावडं आहे का हो?"

तिसऱ्यांदा असं झालं तर वाचनालय सोडणार, हेही सांगून टाकलं.

घाटकोपरच्या एका शिक्षकांनी नव्या आवृत्तीत यावर दुरुस्ती केलेली होती. सोबत नंबर लावायची सगळी स्क्रीनच त्यांनी नव्याने मांडली होती. रकाने सरळ, बटणं एका ओळीत. मला ती फार आवडली. हे सगळंच घेऊन टाक, असं मी आत्याला म्हटलं.

"नंबर उडायचा थांबेल तेवढंच घेईन," ती म्हणाली. "आई, तुझ्यासारख्या कितीजणांच्या हाताला ती बटणं पाठ आहेत. एका सकाळी ती जागेवर नसली, तर?"

"आईचं वाचनालय आहे गं."

"म्हणूनच दोनदा बघणार."

तिने शिक्षकांना फोन करून तेवढी दुरुस्ती वेगळी काढून मागितली. ते जरा दुखावले. मॅडम, भात ठेवून घेताय आणि वरण परत पाठवताय, म्हणाले. वरण पुढच्या पंगतीला, सर, असं आत्याने म्हटल्यावर मात्र हसले आणि चार ओळींची दुरुस्ती पाठवली.

ती तपासायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या नोंदींच्या नकलेवर मी खोटे नंबर लावले, मुदती वाढवल्या, पुस्तकं परत घेतली. एकच प्रत असलेल्या पुस्तकाचं सगळं ठीक चाललं. दोन प्रती असल्या, की नाव अजून उडत होतं. पक्ष्यांवरच्या पुस्तकाची आमच्याकडे एकच प्रत. म्हणजे वहिनींचं काम भागत होतं.

तरी मी आत्याला सांगितलं, "ही जाऊ द्यायची नाही."

"आणि तुझ्या वहिनी?"

"त्यांचं नाव मी कागदावर लिहून ठेवीन. बाकीच्या वाचनालयांत कोण लिहिणार?"

शोधल्यावर कळलं, की दोन प्रती असल्या तर काय करायचं, तो भाग त्या नव्या स्क्रीनच्या कोडमध्येच अडकून राहिला होता. शिक्षकांनी तेवढा तुकडा सोडवून पाठवला. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा करून पाहिलं आणि मगच ती दुरुस्ती सगळीकडे गेली.

वहिनींना त्यांच्या नंबरावर पुस्तक मिळालं. जाताना त्यांनी कॉम्प्युटरकडे वाकून पाहिलं. "इतके दिवस काय दुरुस्त करत होतात? दिसायला तर सगळं जुनंच आहे."

रात्री जेवताना हे मी आत्याला सांगितलं. तिने खुशीत आणखी एक पोळी वाढून घेतली.