स्मशानशेड आणि जिनिव्हाचा जबाब

डोंगरातल्या पासली गावाच्या अलीकडे एका खेड्यात मी अकरा वर्षे ग्रामसेवक होतो. तालुक्याला जाणाऱ्या अहवालात जातिभेदाच्या तक्रारींचा एक रकाना असे. मागचा अहवाल समोर ठेवून मी त्यात दर वेळी 'निरंक' लिहीत असे. तोंडी सांगणे म्हणजे तक्रार नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

बौद्धवस्तीतल्या एका बाईंनी तर समोर बसून सांगितले होते. सासूच्या प्रेताला गावाची स्मशानशेड मिळाली नव्हती. भर पावसात, ओढ्याकाठी, चितेवर पत्रे धरून दहन करावे लागले होते. "लिवून घ्या, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. लिहिले काहीच नाही.

मी निवृत्त झाल्यावर त्याच बाई भोरला माझ्या दारी आल्या. जातिभेदाबाबत जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची समिती आपल्या सरकारला जाब विचारणार होती, आणि एक संस्था बाईंचा जबाब तिकडे पाठवत होती.

"पर सरकारी कागूद म्हणतोय, गावात तक्रारच न्हाई. कागूद तुमचा हाय. खोटा हाय म्हणून तुमीच लिवून द्या."

"अहो, मी अडकेन."

"आमी कवाचे अडकलोय. बसा की जरा आमच्याशेजारी."

मी लिहून सही केली.

सुनावणी आम्ही बाईंच्या घरी मोबाईलवर पाहिली. त्यांची मुलगी अर्थ सांगत होती. समितीतल्या एका वृद्ध सदस्येने सरकारच्या प्रतिनिधींना विचारले, खेड्यांतल्या स्मशानात दलितांच्या प्रेतांना जागा का मिळत नाही? जे बोलणे मी माझ्या टेबलापलीकडे जाऊ दिले नव्हते, ते समुद्रापलीकडे पोचले होते. बाईंनी पदर सावरला.

"सासूबाईंचं निगालं बगा तिकडं."

"आई, नाव न्हाई घेतलं त्यांनी."

"नाव कशाला? मला कळलं कुणाचं ते."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परदेशात सांगितलंत. गावात कवा सांगताय?"

जिनिव्हाच्या कागदावर मी सही घरात बसून केली होती. ग्रामसभेत मात्र गावासमोर उभे राहावे लागले. सगळे ओळखीचे चेहरे होते. त्यांच्या घरी मी जेवलो होतो. तरी कबुली वाचली. स्मशानशेड आता सगळ्यांना खुली करा, असे बाईंनी उठून सांगितले.

"बघू," सरपंच म्हणाले.

"बगा," बाई शांतपणे म्हणाल्या, "पर लवकर बगा. आमच्या वस्तीत एक म्हातारा अंथरुणाला खिळलाय."