पायाळूचा पाय

मी जन्मलो तेव्हा आधी पाय बाहेर आले. डोकं मागून आलं, आणि घरच्यांच्या मते ते अजूनही मागूनच येतं. अशा पोराला आपल्याकडे पायाळू म्हणतात, आणि पायाळूची लाथ बसली की पाठीत भरलेली चमक उतरते असं मानतात. मी स्वतः मानतो का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दुखण्याच्या गोळीला तरी कोण विचारतं, की बाई, तुझा तुझ्यावर विश्वास आहे का?

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत पाठी भरपूर. निम्मे लोक रिटायर्ड, उरलेले घरी लॅपटॉपपुढे वाकलेले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज पाणी उशिरा येईल’ याच्या खालीच मेसेज यायचा, ‘पायाळू घरी आहे का? मिसेसची पाठ धरली आहे.’ आई माझ्या वतीने उत्तर टाकायची, ‘प्रॅक्टिसहून आला की पाय धुवून पाठवते.’

उपचाराची पद्धत सोपी. पेशंटने पालथं पडायचं, मी दुखऱ्या जागी पाऊल ठेवून हलकासा रेटा द्यायचा. पंचाईत पुढे असायची. मोठ्या माणसाला पाय लागला की नमस्कार केला पाहिजे, त्यामुळे मी आधी लाथ मारायचो आणि लगेच पाया पडायचो. समोरचा पालथा असल्याने नमस्कार तळव्यांना व्हायचा, आणि ‘औक्षवंत हो’ हा आशीर्वाद गादीच्या आतून यायचा.

याच पायाला दुसरी नोकरी होती बास्केटबॉलची. कॉलेजात मी सगळ्यात उंच. खरं सांगायचं तर खेळायची ती माझी उंची, मी तिच्यासोबत जायचो. चेंडू रिंगला आपटून परत आला की उडी मारून तो पकडायचा आणि खेळता येणाऱ्या कुणाकडे तरी देऊन टाकायचा, एवढं माझं काम. पण ते एक काम मला येत होतं. बी. कॉम.चं शेवटचं वर्ष होतं आणि विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी हिवाळ्यात होती. आधीच्या दोन वर्षी मी त्या चाचणीत गळलो होतो. आमचे स्पोर्ट्सचे सर म्हणाले, ‘‘यंदा नाही तर कधीच नाही. कारण तू या वर्षी पास होणार आहेस अशी अफवा आहे.’’

मला त्या संघात जायचंच होतं. बाकी कशातच मी असा हट्टाला पेटलेलो नव्हतो. आणि नेमक्या त्याच सुमारास शेजारच्या काकांची पाठ धरली.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मी गेलो तेव्हा ते हॉलमध्ये सतरंजीवर पालथे पडून माझी वाट बघत होते. मी नेहमीसारखा पाय लावला.

‘‘हे काय?’’ काका सतरंजीत बोलले. ‘‘झुरळ चालल्यासारखं वाटलं. जरा जोर लाव की. बास्केटबॉल खेळतोस ना?’’

तासाभरापूर्वी कोर्टवर सरांनीही हेच म्हटलं होतं, की तुझ्यात जोर नाही. एका संध्याकाळी दोनदा हेच ऐकल्यावर माणसाचं डोकं फिरतं. माझं तर मागूनच येणारं. मी सोफ्यापर्यंत मागे गेलो. तिथून दोन पावलं धावत आलो आणि लाथ घातली.

काकांनी शर्टाच्या आत कमरेचा पट्टा बांधला होता. डॉक्टरने दिलेला, आत स्टीलच्या पट्ट्या असलेला. मला सांगितलं नव्हतं, कारण दोन-दोन इलाज एकदम करतोय म्हटल्यावर पायाळूला राग येईल असं त्यांना वाटलं.

कट्ट असा आवाज आला.

‘‘गेली!’’ काका आनंदाने ओरडले.

‘‘गेलो!’’ मी म्हणालो.

तो आवाज आपल्या मणक्याचा, अशी काकांची खात्री पटली होती. ते ताडकन उठून बसले, कंबर डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मी खाली बसून पाऊल धरलं होतं. त्यांना वाटलं, मी नमस्कार करतोय. ‘‘असू दे, असू दे,’’ म्हणाले.

मग मला रिक्षात घालून तेच हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड तडकलं होतं.

‘‘कसं झालं?’’

‘‘लाथ मारली.’’

‘‘कुणाला?’’

‘‘शेजाऱ्यांना.’’

‘‘भांडण?’’

‘‘नाही. उपचार.’’

डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘‘मग त्यांना कुठे ॲडमिट केलंय?’’

‘‘ते बाहेर बसलेत. बरे झालेत.’’

डॉक्टरांनी दार उघडून पाहिलं. काका वेटिंग रूममध्ये उभे राहून, गुडघे न वाकवता, हाताची बोटं जमिनीला लावून दाखवत होते. शेजारचे दोन पेशंट टाळ्या वाजवत होते. डॉक्टरांनी दार हळूच लावून घेतलं.

‘‘हिवाळ्यात चाचणी आहे,’’ मी म्हणालो. ‘‘उडी मारता येईल ना?’’

‘‘हे हाड जरा हट्टी असतं,’’ ते म्हणाले. ‘‘कधी जुळतं, कधी नुसतं जुळल्यासारखं दाखवतं. बघू.’’

बघू! वडिलांकडे मोटरसायकल मागितली तेव्हाही हाच शब्द ऐकला होता, आणि मी अजून बसने जातो.

सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी प्लास्टर पाहिलं, सगळं ऐकलं. ‘‘मॅचमध्ये पडला असतास तर मी तुझं नाव घेऊन पोरांना भाषण दिलं असतं,’’ ते म्हणाले. ‘‘आता काय सांगू त्यांना? आपला भिडू काकांवर मोडला?’’

त्यानंतर माझ्या पायाची चौकशी सुरू झाली. इतकी माया मला आयुष्यात मिळाली नव्हती. जिन्यात, गेटवर, वाण्याच्या दुकानात, सगळे एकच विचारायचे, ‘‘पाय कसाय?’’ सुरुवातीला मी भारावून सगळं सांगायचो: सूज उतरली, पण एक्स-रेत रेघ अजून दिसते, चाचणीचं काही खरं नाही. ऐकणारा मान हलवायचा आणि मग कमरेवर हात ठेवून विचारायचा, ‘‘पण मग चमकेचं कसं करायचं?’’

तळमजल्यावरच्या काकूंनी तोड काढली. ‘‘डावा आहे ना धड?’’

यावरून सोसायटीत दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, पायाळू म्हणजे अख्खा माणूस पायाळू, कुठलाही पाय चालतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं, जो पाय आधी बाहेर आला त्यातच गुण. मी आजवर उजवा वापरायचो तो केवळ उजवाच पटकन उचलला जातो म्हणून. शेवटी शिष्टमंडळ आमच्या घरी आलं. मुख्य साक्षीदार आई.

‘‘कुठला पाय आधी आला, आठवतंय का?’’

‘‘सिझेरियन होतं,’’ आई म्हणाली. ‘‘मला भूल दिलेली. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही बाहेरच होते.’’

‘‘सिझेरियन?’’ काका हादरले. ‘‘मग ते पायाळू धरतात का?’’

आईने चहाचे कप उचलले. ‘‘इतकी वर्षं लाथा खाल्ल्यात, तेव्हा नाही विचारलंत.’’

प्रश्न सुटला तो येवल्याच्या माणसामुळे. काकांचे साडू तिकडे शेती करतात. कांद्याच्या गोण्या ट्रॅक्टरवर चढवताना त्यांची पाठ धरली, आणि काकांनी फोनवर केलेली माझी जाहिरात ऐकून ते एसटीने, वाकलेल्या अवस्थेतच, आमच्या दारात आले. मी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो. मी त्यांना सगळा वाद समजावून सांगायला लागलो.

‘‘पोरा,’’ ते म्हणाले, ‘‘उजवं-डावं मला काय कळत नाय. लय दुखतंय. जो हाय तो हाण.’’

ते पालथे पडले. मी खुर्चीतूनच डावा पाय लावला. साडू उठले, उभे राहिले, पाठ सरळ केली. ‘‘जमलं की!’’ म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून, परतीची एसटी चुकू नये म्हणून लगोलग गेले.

साडूंना घेऊन आलेले काका तिथेच थांबले होते.

‘‘म्हणजे गुण डाव्यात होता?’’ काका सावकाश म्हणाले. ‘‘मग माझी उजव्याने गेली ती?’’

संध्याकाळपर्यंत काकांची पाठ पुन्हा धरली.

आणि माझा उजवा पाय, बिचारा, फुकट मोडला, असं सोसायटीत सर्वानुमते ठरलं. त्या दिवसापासून कुणी विचारेना, की पाय कसाय. मी रोज दुपारी कॉलेजच्या कोर्टच्या कडेला जाऊन बसायचो. चेंडू रिंगला आपटायचा, हवेत जायचा, आणि माझं अंग बसल्या जागी त्याच्यामागे उठायचं. मग कुणीतरी भलताच तो पकडायचा. त्या वेळी मात्र मला एकही विनोद सुचायचा नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला पाय वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा होता. डॉक्टर म्हणाले, ‘‘रेघ पुसट झालीय. आता हळूहळू भार द्यायचा. आधी पाव, मग अर्धा, मग पूर्ण.’’

‘‘अर्धा झाला हे कळणार कसं?’’

‘‘अंदाजाने.’’

माझा अंदाज कसा असतो हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. घरी आलो तर काका दारात उभे. त्यांनी ऐकलं आणि आमच्या हॉलमध्ये सतरंजी पसरून त्यावर पालथे पडले.

‘‘काका, गुण डाव्यात आहे. हा उजवा आहे.’’

‘‘माहितेय,’’ ते सतरंजीतून म्हणाले. ‘‘मला नाही, तुला बरं करायचंय. ठेव पाय. मी सांगतो किती झाला ते.’’

आणि मग रोज सकाळी चहाआधी हा कार्यक्रम. मी खुर्चीची पाठ धरून उभा, उजवा पाय काकांच्या पाठीवर, आणि खालून माणसाचा वजनकाटा बोलतोय, ‘‘आता पाव... पाव... हं, चढतंय... अर्धा. थांब. थोडं अजून? बास, बास, मेलो!’’ त्यानंतर माझा नमस्कार, त्यांचा आशीर्वाद. पुढच्या तपासणीत डॉक्टर पाऊल दाबून पाहत म्हणाले, ‘‘छान भार घेतोय. कशावर व्यायाम करता?’’ मी म्हणालो, ‘‘घरगुती आहे काहीतरी.’’

‘‘आणि उडी?’’ मी विचारलं.

‘‘मारून बघा,’’ ते म्हणाले. म्हणजे आता बघायचं काम माझ्यावर आलं.

विद्यापीठाच्या संघात माझं नाव आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच आशेवर वाचायला नको. चाचणीला आलेली पोरं माझ्यापेक्षा चांगली होती. ती मी धडधाकट असतानाही होती. पण मला त्या दिवशी वेगळीच गोष्ट बघायची होती. भार देता येत होता, चालता येत होतं, तरी उडी मारून खाली येताना मला उजव्या पायावर उतरता येत नव्हतं. डॉक्टर म्हणत हाड जुळलंय, आणि माझा पाय म्हणे, तुमचं तुमच्यापाशी. मी डाव्यावर उडायचो, डाव्यावरच उतरायचो आणि पुढे निम्मं कोर्ट लंगडत जायचो. चाचणीतही पहिला सगळा वेळ मी बगळ्यासारखा खेळलो. निवड समितीच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी विचारलं आणि दोघे हसले.

कडेने सर ओरडत होते, ‘‘अरे, हा दोन पायांचा खेळ आहे!’’ काका सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण चेंडू कुणाच्याही हातात गेला तरी ते टाळ्या वाजवत होते.

मग चेंडू रिंगच्या कडेला लागून उंच उडाला. मी डाव्यावर उडी घेतली. वर गेलो, दोन्ही हातांत चेंडू आला, आणि नेमका तेव्हा मागून कुणाचा तरी खांदा लागला. मी हवेतच तिरपा झालो. डावा पाय कुणाच्या तरी पायात अडकला होता. खाली येताना माझ्याकडे एकच पाय शिल्लक होता.

उतरलो. पायाखालून जमीन थेट कवटीपर्यंत आली. मी वाट बघत राहिलो. त्या आवाजाची, त्या कळेची. काहीच आलं नाही. झोंबलं, एवढंच. मग मी एक पाऊल टाकून पाहिलं. डावं, परत उजवं. परत डावं. चेंडू माझ्या पोटाशी होता, तो जमिनीवर आपटायचा असतो हे मी साफ विसरलो होतो. भिडू हात पसरून ओरडत होते, मी त्यांच्या मधून, फेरफटका मारायला निघाल्यासारखा चाललो होतो.

शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही मुठी छातीपुढे गरागरा फिरवल्या: चेंडू घेऊन चालला. अगदी शाळेतलं पोरही करत नाही अशी चूक. निवड समितीतल्या त्या गृहस्थांनी माझ्या नावावर काट मारली, ती मला तिथूनही दिसली. वरच्या पायरीवर काका उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सर रेषेपर्यंत धावत आले. ‘‘अरे, कुठे चालला होतास? देवदर्शनाला?’’

‘‘सर,’’ मी म्हणालो, ‘‘लंगडत होतो का?’’

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मी आलो होतो त्या वाटेकडे पाहिलं.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सरळ चालत होतास, गाढवा. तीच तर चूक आहे.’’