वेळ अमावस्येचा घास

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि बोलत नव्हती. काही हवं असलं की ती माझा हात धरून ओढत न्यायची आणि त्या वस्तूवर नेऊन टेकवायची. भाकरीचा डबा, पाण्याचा माठ, दाराची कडी. डोळ्यांत बघायची नाही, पण हात बरोब्बर ठेवायची. खायची फक्त भाकरीचा कडक पापुद्रा आणि कोरडा भात. ओलं, कालवलेलं काही ताटात दिसलं तरी कानांवर हात ठेवून किंचाळायची. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली होती आणि जबरदस्ती करू नका म्हणून बजावलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

लोहाऱ्याजवळच्या आमच्या शेतात वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या येळवशीच्या सणाला, पन्नासेक माणसं जेवायला येतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढं पूजा झाली की सगळ्यांना भज्जी वाढतात. तूर, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चिंच, सगळं एकत्र शिजवून गरगट केलेलं. तिला जे जे नको, ते सगळं एकाच पातेल्यात. बायकोनं तिच्यासाठी फडक्यात पापुद्रे बांधून आणले होते. मीच ते गाडीत ठेवायला लावले. पाहुण्यांपुढं वेगळं काढून बसायची मला लाज वाटत होती.

माझी आत्या म्हणाली, "येळवशीला भज्जी न खाता कुणी शेतातनं उठतंय व्हय? लई लाडावून ठिवलीस बघ."

"खाती की," मी म्हणालो. सगळे बघायला लागले.

"अहो, नको," बायको म्हणाली. मी लेकीला मांडीवर घेतलं, एका हातानं जबडा दाबला आणि दुसऱ्या हातानं घास कोंबला. ती ओरडलीसुद्धा नाही. अंग ताठ झालं आणि ती माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर भडाभडा ओकली. कुणीतरी हसलं. मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

"आरं, मारू नगं लेकराला!" आत्याच ओरडली. आणि मला तेव्हा वाईट कशाचं वाटत होतं, तर सदऱ्याचं. हे लिहितानाही स्वतःची शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पाण्याला गेली होती. लेक फळीवरच्या डब्याकडं बघत उभी होती. मी जवळ जाऊन हात पुढं केला. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. मी डबा काढून पापुद्रा दिला, तोही घेतला नाही. आई येईपर्यंत ती तशीच उपाशी उभी राहिली, मग आईचा हात धरून तिनं डब्यावर ठेवला.

आता ती नऊ वर्षांची आहे. चित्रांची कार्डं दाखवून मागते, माझ्याकडंसुद्धा. कार्ड माझ्यापुढं जमिनीवर ठेवते आणि लगेच दोन पावलं मागं सरते.