बिबड्यांखालची ओळ

आमच्या नांदुऱ्यात माझ्या घराला लागून राहणारी बाई मोबाईलवर ब्लॉग लिहिते. ती एका बोटानं टाइप करते आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणते, म्हणून भिंतीअलीकडे मला सगळं ऐकू येतं. तिच्या पाककृती लोक उचलून स्वतःच्या नावानं टाकतात. ती हसते. "नेऊ दे वं, कोणाच्या तरी घरी चांगलंचुंगलं होईन."

ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, तिला मी शिकवल्या. माझं नाव नको म्हटलं, म्हणून तिनं खाली लिहिलं, 'शेजारणीनं शिकवलं.' ती ओळ मी गुपचूप पुन्हापुन्हा वाचायची.

पुण्याच्या कोण्या बाईनं ती कृती उचलली आणि नेमकी तीच ओळ गाळली. त्या दुपारी भिंतीपलीकडून चढलेला आवाज आला. एकेक शब्द म्हणत ती त्या बाईला लिहीत होती, "माह्यं नाव खोडलं त खोडलं. जिनं शिकवलं तिले काऊन खोडलं?"

संध्याकाळी ती मोबाईल घेऊन आली. त्या बाईनं स्वतःच्या नावाखाली ओळ जशीच्या तशी टाकली होती.

"पाह्य, आता तू तिचीबी शेजारीण झाली वं!"

मी पदरात तोंड लपवून हसले. पुणं मी अजून पाहिलेलं नाही.