फार सुंदर छापलेले कार्ड

“मॅडम, कार्डावर लिवलंय, भरपूर पानी मारा. येक बादली मारली तर जास्तच भडकलंय. आता मारू का नको?”

फोन स्पीकरवर होता. बोलत होता सुरेश, आमच्या कारखान्याचा माल नेणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर. महामार्गावर माणगावच्या अलीकडे खड्ड्यात आदळून टँकरच्या मागच्या व्हॉल्व्हचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, सैल झाले होते. खाली थेंब पडत होते आणि पांढरा धूर निघत होता. रस्त्याचे काम चालू असल्याने पाणी शिंपडणारा एक टँकर जवळच होता. त्याचा माणूस पाईप हातात घेऊन मदतीला सज्ज उभा होता. भोवती गर्दी जमली होती.

फोन आमचे जनरल मॅनेजर साठे साहेब यांच्या टेबलावर होता. त्यांनी माझ्याआधी उत्तर दिले.

“कार्डावर लिहिलंय ना? मग तसंच करा.”

“थांबा,” मी म्हणाले. “सुरेश, टँकरमध्ये काय भरलंय?”

“ओलियम, मॅडम.”

ओलियम म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचा अधिक उग्र प्रकार. त्यावर पाणी पडले की ते उसळते आणि ॲसिडचे बारीक धुके हवेत पसरते. ते श्वासात गेले तर फुप्फुसे भाजतात. ओलियमच्या कार्डावर ‘पाणी मारा’ हे वाक्य छापले जाणे शक्य नव्हते. हे मी खात्रीने म्हणू शकत होते, कारण ती अशक्यता मी स्वतः लिहून ठेवली होती.

घातक रसायन नेणाऱ्या प्रत्येक वाहनात एक आपत्कालीन कार्ड असावे लागते. आमच्या भाषेत ट्रेम कार्ड. माल कोणता, गळती झाली तर काय करावे, काय करू नये, कोणाला फोन करावा, हे त्यावर ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत असते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून या कंपनीत आले, तेव्हा ही कार्डे वर्डमध्ये तयार होत. म्हणजे डिस्पॅचमधला क्लार्क जुनी फाईल उघडत असे, मालाचे नाव बदलत असे आणि बाकीचा मजकूर देवावर सोपवत असे. फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘ज्वलनशील’चे तुकडे होऊन ते वाचण्यापलीकडे जाई. या पद्धतीला कंपनीत ‘सिस्टिम’ म्हणत.

मी ती बंद केली. त्याऐवजी अक्षरजुळणीचा एक प्रोग्रॅम बसवला. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत, माउसचे काम नाही. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची आज्ञा टाइप करायची, की साध्या मजकुराच्या फाईलमधून तो छपाईला तयार पान बनवतो. जोडाक्षरे जशी हवीत तशी येतात. त्याचा खरा उपयोग त्याच्या पोटात असलेल्या लुआ या छोट्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा. त्यामुळे पान नुसते जुळवले जात नाही, पान जुळवताना निर्णयही घेता येतो. प्रत्येक रसायनाच्या नोंदीत मी ‘पाणी चालते का’ असा रकाना ठेवला होता. उत्तर ‘हो’ असेल तर एक वाक्य छापायचे, ‘नाही’ असेल तर दुसरे, आणि रकाना रिकामा असेल तर प्रोग्रॅमने थांबायचे व कार्ड छापायचेच नाही. अर्धवट माहितीचे कार्ड देण्यापेक्षा गाडी गेटवर अडलेली बरी.

ही रचना साठे साहेबांना समजावण्यासाठी मी मीटिंग मागितली होती. मीटिंगचा बहुतेक वेळ कार्डाच्या किनारीवर गेला. काळी स्क्रीन पाहून ते म्हणाले, “हे हॅकिंगसारखं दिसतंय. यात सॉफ्टवेअर कुठंय?” मग कार्ड पाहून म्हणाले, “वा! पण बॉर्डर सोनेरी करा. लोगो मोठा. जाड कागद वापरा. ऑडिटर खूश झाला पाहिजे.” ऑडिटर आला आणि खूश झाला. त्याने अक्षरांच्या वळणाचे कौतुक केले. पाण्याच्या रकान्याबद्दल त्याने विचारले नाही. साठे साहेबांनीही विचारले नाही. कंपनीतल्या एकाही वरिष्ठाने त्या कार्डाची दुसरी ओळ वाचली असेल, असे मला आजही वाटत नाही.

नंतर काही महिन्यांनी, गेटवर दर फेरीला छापली जाणारी कार्डे कमी होत असल्याचे माझ्या लक्षात आले. मी साहेबांना विचारले. “मार्केट डाऊन आहे,” ते म्हणाले. टँकर मात्र पूर्वीइतकेच सुटताना मला खिडकीतून दिसत होते. मी तसे सांगितले. “मॅडम, तुम्ही केमिस्ट्री बघा,” असे उत्तर मिळाले.

तर, फोन.

“सुरेश, कार्ड हातात घ्या. सर्वांत वर कशाचं नाव आहे?”

“वरती कुकू लावलंय मॅडम. नाव दिसत न्हाय.”

“काय लावलंय?”

“कुकू. हळदकुकू. दसऱ्याचं.”

“पुसा ते.”

फोनमध्ये कापडाने घासल्याचा आवाज आला. मग सुरेश सावकाश वाचू लागला. “कॉस्टिक... सोडा... लाय.”

कॉस्टिक सोड्याचे हे द्रावण सांडले तर भरपूर पाण्याने धुतात. कार्ड अचूक होते. फक्त ते दुसऱ्या रसायनाचे होते.

“ते कार्ड खाली ठेवा. पाणी मारू नका. एक थेंबही नाही. त्या पाईपवाल्याला आधी मागे पाठवा.”

“अहो मॅडम,” साठे साहेब मध्येच म्हणाले, “छापलेलं आहे ते. ऑडिटला आपण हेच कार्ड दाखवलंय. आता तोंडी वेगळं सांगायचं म्हणजे प्रॉब्लेम होईल.”

मी फोन उचलून स्वतःकडे घेतला. “सुरेश, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. लोकांना लांब करा. रस्त्याच्या कामाचा क्रशरचा दगडी चुरा असेल ना? कोरडा आहे का?”

“हाय. ढीग हाय. कोरडा हाय.”

“तो फावड्याने लांबून गळतीवर टाकायला सांगा. जवळ कोणी जायचं नाही. आपली टीम निघाली आहे. तुम्हाला काही झालंय?”

“डोळं चुरचुरत्यात. बादली मीच मारली व्हती.”

“मग टँकरपासून लांब जाऊन स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहा.”

कोरड्या चुऱ्याने धूर बसला. आमच्या टीमने जाऊन गॅस्केट बदलले. सुरेशला माणगावच्या दवाखान्यात दाखल केले. डोळ्यांवर पट्टी होती आणि घसा भाजला होता. नजर राहील की नाही, हे डॉक्टर त्या दिवशी सांगू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ट्रान्सपोर्टचे कंत्राटदार जनार्दनशेठ यांच्या यार्डात गेले. हे उरणकडचे. मिठागरे गेल्यावर ट्रकच्या धंद्यात आले आणि आता त्यांचे टँकर जिल्हाभर फिरतात. मी पहिल्या केबिनमध्ये चढले. आरशाशेजारी देवाचा फोटो, त्याला झेंडूचा वाळका हार, आणि त्याच हारात माझे कार्ड. लॅमिनेट केलेले. दुसऱ्या केबिनमध्ये तेच. तिसऱ्यातही तेच. सर्वांवर कॉस्टिक सोडा, सर्वांवर हळदकुंकू.

“शेठ, हे काय आहे?”

“तुजाच कागद हाय बाय!” शेठ कौतुकाने म्हणाले. “येवरा भारी कागद, सोन्याची बार्डर. आमचे पोरीचे लगनाची पत्रिका बी येवरी भारी नव्हती. त्यो काय फेकाचा? पयला आला त्याच्याच कलर झेराक्स काडल्या, पेन गावाला जाऊन लॅमिनेशन केला, सगले गाऱ्यांना लावला. दसऱ्याला गारीची पूजा केली, तवा त्याला बी कुकू लावला.”

“प्रत्येक फेरीला नवीन कार्ड मिळायचं, त्याचं काय झालं?”

“तुमचे गेटवाल्यानी बगितला, गारीत कार्ड हाय. मंग नवा कशाला छापाचा? त्यो बोलला, कागद वाचला.”

“आणि आत माल वेगळा असला तर?”

शेठनी हारातले कार्ड जवळ ओढून पाहिले. “त्या कार्डावर म्हाल लिवलेला असतो व्हय?”

शेठवर मी रागावले नाही. त्यांनी छान कागदाला छान कागदासारखे वागवले होते. माझा राग कंपनीच्या गेटपासून सुरू होतो आणि तिथून वर चढत जातो. गेटवरच्या तपासणीत प्रश्न होता, ‘कार्ड आहे का?’ तो प्रश्न इंजिनिअर असलेल्या साठे साहेबांनी स्वतः लिहिला होता. ‘कशाचे आहे?’ असे विचारावे, हे त्यांना सुचले नव्हते.

यार्डातून मी थेट मीटिंगला गेले. अपघाताचा अहवाल साहेबांनी तयार ठेवला होता. निष्कर्ष एका ओळीचा होता: चालकाने चुकीचे कार्ड बाळगले व चुकीची कृती केली.

“यावर तुमची सही लागेल,” ते म्हणाले. “डॉक्युमेंटेशन तुमच्याकडे आहे.”

“हे गेलं तर सुरेशला कोणी गाडीवर घेणार नाही.”

“ड्रायव्हर मिळतात हो.”

“त्याने कार्डावर लिहिलं होतं तेच केलं. तुम्हीही फोनवर त्याला तेच करायला सांगत होतात.”

“मॅडम, अप्रेझल जवळ आलंय. जरा प्रॅक्टिकल विचार करा.”

मी प्रॅक्टिकल विचार केला. मला पुढे साठे साहेबांच्या खुर्चीत बसायचे आहे आणि ते मी कोणापासून लपवलेले नाही. पण त्या खुर्चीत बसून असले अहवाल लिहायचे असतील, तर तिचा मला उपयोग नव्हता. मी सांगितले की सही करीन, मात्र निष्कर्ष मी लिहीन. माझा निष्कर्षही एका ओळीचा होता: कार्ड देण्याची पद्धत सदोष होती, चालकाचा दोष नाही. सहीशिवाय अहवाल पाठवता येत नव्हता आणि पाठवण्याची मुदत संपत आली होती. साहेबांनी “श्रद्धेचा विषय आहे, कुंकवाचं काही लिहू नका,” एवढी एकच दुरुस्ती सुचवली. ती मी मान्य केली. सुरेशच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि त्याला नीट दिसू लागले. बरा झाल्यावर तो पुन्हा गाडीवर आला.

त्यानंतर मी कार्ड कुरूप केले.

प्रोग्रॅममध्ये पानाची रुंदी एका ओळीत बदलता येते. ती मी दुकानातल्या बिलाच्या पावतीएवढी केली. किनार काढली, लोगो काढला. सर्वांत मोठी अक्षरे तीनच गोष्टींना दिली: गाडीचा नंबर, मालाचे नाव आणि पाण्याचे वाक्य. गेटपास त्याच पट्टीच्या खालच्या भागावर छापायची सोय केली. त्यामुळे नवे कार्ड छापल्याखेरीज गेट उघडत नाही. कागदही बदलला. बिलाच्या पावतीचा तो गुळगुळीत कागद घेतला. त्याला थर्मल पेपर म्हणतात. त्यावर शाई नसते. उष्णतेने कागदच काळा होतो आणि अक्षर उमटते. भर उन्हात डॅशबोर्डवर ठेवून पाहिला. एका फेरीपुरता तो व्यवस्थित टिकतो.

“हे किराण्याच्या बिलासारखं दिसतंय,” साठे साहेब म्हणाले. “कंपनीची इमेज काय राहील?”

“बिल कोणी जपून ठेवत नाही, सर.”

त्यांना ते पटले नाही. पुढच्या ऑडिटच्या फाईलसाठी त्यांनी नव्या कार्डाचा एक नमुना घेतला आणि मला न विचारता शिपायाबरोबर लॅमिनेशनला पाठवला. लॅमिनेशनचे यंत्र प्लास्टिक तापवून चिकटवते. दुपारी ते पाकीट हातात धरून माझ्या टेबलापाशी आले. आतली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशासारखी काळी झाली होती.

“मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बग आहे.”

“नाही, सर,” मी म्हणाले. “ते बरोबर चाललंय.”

माझ्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना एवढेच सांगते. प्रोग्रॅमला ‘माहिती अपुरी असेल तर थांब’ असे सांगता येते आणि तो थांबतो. माणसांना तसे सांगून उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी कागद निवडावा लागतो.