अण्णांचा दिवाण

"चेहऱ्याचं सांगू नका. पाठीचं बोला."

असं म्हणून आमच्या कचेरीतले अण्णा चष्मा कपाळावर सरकवत, समोरच्या कागदांवर टीपकागद ठेवत आणि खुर्ची अर्धी वळवून बसत. म्हणजे आता तासभर सरकारचं काम बंद, आणि त्या नटाचं सुरू.

त्या नटाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. घेतलं तर तुमच्यातले निम्मे लोक इथंच वाद घालत बसतील. रंगभूमीवरून सिनेमात आलेला, केस पांढरे झाले तरी मुख्य कामं करणारा नट होता, एवढं पुरे. त्याचं सर्वांत उत्तम काम कुठलं, हा वाद जव्हारच्या मामलेदार कचेरीत आम्ही कितीतरी दुपारी घातला. निकाल कधी लागला नाही. लागू नये असंच दोघांनाही वाटत असावं.

मी पोशेऱ्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी. ए. झालो, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. संस्थान विलीन झालं, जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं आणि माझ्या पदवीनं मला कचेरीत वरचं टेबल मिळवून दिलं. अण्णा दरबारच्या दफ्तरात हेडकारकून होते. नव्या राज्यात त्यांना साधा कारकून म्हणून घेतलं. ते माझ्या खाली आले. मी कुणाची जागा चोरली नव्हती, माझ्या कष्टानं आलो होतो. पण एखादी जुनी जमिनीची भानगड निघाली की मामलेदार हाक मारायचे मला, मी बघायचो अण्णांकडे, आणि अण्णा बघायचे खिडकीबाहेर. असं रोज. दोघंही थकून गेलो होतो त्याला.

त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय ग्रॅज्युएट?" एवढंच. शब्दात टोमणा असायचा, पण आवाजात नसायचा.

पावसाळा सरला की गावाबाहेरच्या मैदानात तंबूतला सिनेमा येई. एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, मध्ये कनात. तंबूवाल्याकडे त्या नटाचा एक जुना पिक्चर होता, तो दर साली लागायचाच. त्यात तो एका राजाचा दिवाण असतो. त्याच्यावर खोटा आळ येतो. भर दरबारात राजा म्हणतो, बोला, तुमचं काय म्हणणं आहे? दिवाण काही बोलत नाही. खांद्यावरचं उपरणं घडी करतो, मुजरा करतो आणि वळून दरवाजाबाहेर चालू लागतो. तिथं पिक्चर संपायचा.

"बघा!" अण्णा म्हणत. "तोंडातून एक शब्द नाही. नुसती पाठ. आणि त्या पाठीवर सगळं लिहिलेलं. याला काम म्हणतात."

आमचा पट्टेवाला लहानू वावर गावचा. तिथल्या बोहाड्यात, देवांच्या सोंगांच्या उत्सवात, तो मुखवटा घालून नाचायचा, त्यामुळे या विषयात आपल्यालाही अधिकार आहे असं त्याचं मत होतं. "बराबर हाय अण्णा," तो म्हणे. "सोंगाला तोंड कुठं हलवता येतंय? आमी पायानंच बोलतो."

"ऐका, ग्रॅज्युएट! लहानूला कळतं."

"लहानू तुमची बाजू घेतो, कारण तुम्ही त्याला तंबाखू देता."

"तुमी बी द्या, मंग तुमची घेन," लहानू म्हणे.

माझं मत वेगळं होतं. त्याच नटानं एका म्हाताऱ्या मास्तराचं काम केलं होतं. मुलाला शाळेत घ्यावं म्हणून तो मास्तर संस्थेच्या शेठपुढं हात जोडतो, गयावया करतो, रडतो. मी म्हणे, हेच त्याचं खरं काम.

अण्णा हसत. "नाकातून पाणी काढलं की अभिनय झाला? अहो, रडायला काय लागतं?"

एकदा मी चिडलो. म्हटलं, "अण्णा, मला जव्हारच्या वसतिगृहात घ्यावं म्हणून माझा बाप असाच उभा होता. पागोटं काढून. आमच्याकडं लोक बोलले नाहीत, तर काही मिळतच नाही. गप्प राहून निघून जाणं दिवाणाला जमतं."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि टीपकागद उचलला. 

मग ठाण्याहून कागद आला. संस्थानातल्या ज्या नोकरांना आपल्या जुन्या हुद्द्याबद्दल म्हणणं मांडायचं असेल, त्यांनी साहेबांपुढं समक्ष यावं. न येतील त्यांची आहे तीच पायरी कायम, आणि पेन्शनही तिच्यावरच. कागद अण्णांनी वाचला, सही केली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"जाताय ना?" मी विचारलं.

"कशाला? मी काय काम केलं ते जव्हारला विचारा. माझ्या तोंडानं मी सांगायचं?"

त्या रविवारी अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, मला घरी बोलावलं. अण्णा बाजारात गेले होते. वहिनी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"माझं? वहिनी, आम्ही रोज भांडतो."

"म्हणूनच. बाकी कुणाशी भांडतात? घरात तर हूं नि चूं नाही. पायरी कायम झाली ना, तर हे आतल्या आत संपतील. मला दिसतंय ते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं. ठाण्याचं नव्हे, पिक्चरचं. नाशिकला कॉलेजात असताना मी तो दिवाणाचा पिक्चर पाहिला होता, आणि तो दरवाजापाशी संपत नाही. तंबूवाल्याच्या पेटीत शेवटचं रीळ नव्हतंच. त्या रिळात दिवाण परत येतो. राजापुढं बसून एकेक गोष्ट सांगतो, सांगता सांगता ढसाढसा रडतो, आणि राजा त्याला उठवून जवळ घेतो. आमचं अख्खं जव्हार दर साली अर्धवट दिवाणावर वाद घालत होतं.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. लहानू तर तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"म्हणजे तो माघारी येतोय?" लहानू म्हणाला. "आन् आमाला कुनी सांगितलाच नाय!"

"येतो," मी म्हणालो. "बोलतो आणि त्याचं त्याला मिळतं. अण्णा, तुमचाच दिवाण."

अण्णांनी टीपकागद सारखा केला. मग म्हणाले, "ज्यानं ते रीळ काढून टाकलं ना, त्याला पिक्चर कळला होता."

आम्ही हसलो. तेही हसले. मला वाटलं, संपलं, हा माणूस जात नाही.

पण गेले. मुदतीच्या आदल्या दिवशी, कुणाला न सांगता, सकाळच्या गाडीनं. काळा कोट घालून गेले, असं लहानूनं सांगितलं. तो कोट ते दरबाराच्या वेळी घालायचे.

परत आले तेव्हा आम्ही टेबलाभोवती जमलो. अण्णांनी दौत उघडली, टाक पुसला.

"काय झालं, अण्णा?"

"बोललो."

"काय बोललात?"

"सगळंच. बरंच बोललो." टाक त्यांनी पुन्हा पुसला. "साहेब चांगले आहेत. माझ्यासाठी पाणी मागवलं."

 लहानू चहाची किटली धरून तसाच उभा राहिला.

दोनेक महिन्यांत हुकूम आला. जुना हुद्दा परत, मान्य. नेमणूक मुरबाडला. हुद्दा हवा तर जागा जिकडं रिकामी तिकडं जायचं, यात गैर काही नव्हतं. जव्हार सोडून कधी न राहिलेल्या माणसाला एवढंच बक्षीस द्यायचं सरकारला सुचलं. वहिनी भांडी पोत्यात बांधू लागल्या.

तंबू त्याच आठवड्यात लागला होता. मी म्हटलं, "अण्णा, जाण्याआधी एकदा येताय ना दिवाणाला?"

"तुम्ही जाऊन या." मग म्हणाले, "ग्रॅज्युएट, ते मास्तराचं काम. चांगलं होतं ते. अवघड असतं. मी उगाच हसत होतो."

इतक्या वर्षांचा वाद मी असा जिंकला. मला तो नको होता. मी घाईघाईनं म्हणालो, "नाही हो अण्णा, दिवाणाचंच काम मोठं. मलाही आता तसंच वाटतं."

"नका," ते म्हणाले. "आता बाजू बदलू नका. दमलोय मी."

त्यानंतर त्यांची भेट नाही. पत्र लिहायचा स्वभाव दोघांचाही नव्हता.

पुढं काही वर्षांनी कामानिमित्त मी मुरबाडच्या कचेरीत गेलो. अण्णा निवृत्त होऊन निघून गेले होते. कुठं, ते नक्की कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या टेबलाशेजारी बसलेला कारकून भला होता. त्यानं चहा मागवला.

"देवमाणूस," तो म्हणाला. "काम एकदम चोख. पण फार अबोल हो. दिवसभरात दोन शब्द बोलले तर शपथ. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, कसली म्हणून आवड नाही. तुमचे कोण लागत होते?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "आम्ही भांडायचो. रोज. एका नटावरून."

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"मग साहेब," तो म्हणाला, "तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल विचारताय."