कुलपातली पहिली आवृत्ती

आमच्या घरी एक इंग्रजी कादंबरी होती, पण ती वाचायची नव्हती. यांनी ती ॲव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उपसून आणली होती, आणि ती म्हणे पहिली आवृत्ती होती. कशावरून? तर नावाच्या पानामागे छापल्याचं साल होतं, आणि त्याखाली दुसऱ्या छपाईची ओळ नव्हती. वरचं कागदी वेष्टन शाबूत, त्याच्या आतल्या कोपऱ्यातली किंमतही कुणी कातरलेली नाही. झालं! एवढं पाहून आमचे पंडित धन्य झाले. पुढची तीनशे पानं हवीत कुणाला?

मला हवी होती. हे आंघोळीला गेले की मी ती कपाटातून काढून चार-चार पानं वाचायची. तिच्यात एक बाई नवऱ्याचं घर सोडून निघते. ती स्टेशनापर्यंत पोचली आणि यांनी मला पकडलं. "अगं, हात तेलकट आहेत तुझे!" त्या दिवसापासून कपाटाला कुलूप. माझा जीव मात्र त्या स्टेशनावर अडकला.

कँटोन्मेंटात एक म्हातारा साहेब राहायचा, कॉफीच्या मळ्यावरून निवृत्त झालेला. पहिल्या आवृत्त्यांतलं त्याला फार कळतं अशी ख्याती. त्याने एकदा 'अस्सल' म्हटलं असतं, तर यांना स्वर्ग दोन बोटं उरला असता. साहेबाने दसऱ्यानंतरच्या रविवारी पुस्तक घेऊन बोलावलं.

मध्ये आली आयुधपूजा. गल्लीत कुणी सायकल पुजली, कुणी शिवणयंत्र. आमच्या घरात आयुध एकच! मला हात लावू न देणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः सोवळं नेसून, ओल्या हातांनी, त्या पांढऱ्याशुभ्र वेष्टनावर हळदकुंकवाची बोटं ओढली.

"स्वल्पच लावलंय," म्हणाले. "साहेबापुढे यश यायला हवं ना."

"अहो, मग नारळही फोडा तिच्यावर," मी म्हटलं.

साहेबाने ते लाल डाग पाहिले आणि पुस्तक न उघडताच परत केलं. घरी आल्यावर यांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी एका संध्याकाळी कादंबरी माझ्या मांडीवर टाकली.

"घे, वाच आता. माझ्याच हातांनी माती केली मी तिची."

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मी वाचत सुटले. आमटी करपली तरी उठले नाही. बाई गाडीत बसली, गाडी हलली, नवरा धापा टाकत फलाटावर आला, आणि पुस्तक संपलं! शेवटची पानं नव्हतीच. कुणा मेल्याने केव्हाच फाडून नेली होती.

मी संतापून पुस्तक यांच्यापुढे आपटलं. यांनी फाटक्या कडेवरून बोट फिरवलं, आणि चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातही तेवढा उजळला नव्हता.

"म्हणजे ते आधीपासूनच बाद होतं! सरी, सरी!" आनंद झाला की यांना 'बरोबर, बरोबर'सुद्धा कानडीतच सुचतं. "कुंकवाचा काही दोष नाही!"

त्या रात्री त्यांनी पुन्हा भात मागून घेतला. मी वाढला. ती बाई गेली की उतरली, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.